भरलेली विमानं

अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्या दर तीन महिन्यांनी आपला हिशेब जाहीर करतात. मागच्या तिमाहीत काय कमावलं आणि पुढं कसं जाईल असं त्यांना वाटतं, हे त्यात असतं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी त्या बातमीची वाट पाहिली जायची. माझा धाकटा भाऊ तिकडच्या एका कंपनीच्या मुख्य कार्यालयात आहे. पुढं किती लोक येतील याचा अंदाज बांधून कुठल्या मार्गावर किती मोठं विमान पाठवायचं, फेऱ्या किती ठेवायच्या, हे ठरवणाऱ्या विभागात तो बसतो. मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवते. त्यामुळं ती इंग्रजी बातमी वाचून मराठीत सांगायचं काम आपोआप माझ्याकडं आलं.

ऐकणारे तिघं. आई, बाबा आणि खाला. आईची मेस होती. स्पर्धा परीक्षेच्या क्लासला येणारी जालन्या-बीडकडची पोरं आमच्या पुढच्या खोलीत जेवायला बसायची. खाला, म्हणजे उर्दूत मावशी, आमच्याच गल्लीतल्या. नवरा गेल्यावर त्या आईकडं पोळ्या लाटायला आल्या आणि पुढं मेस दोघींचीच झाली. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यापासून ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि भाजी निवडायचे.

मी माझ्या घरून चालत यायची, मोबाइल समोर धरायची आणि सांगायची, "लोक तिकिटं काढतायत. पण इंधन महागलंय, पायलटांचे पगार वाढलेत, म्हणून नफा कमी होईल म्हणतात."

"म्हंजे पोरं वाढली, पर तेल बी महागलं," आई कणीक तिंबता तिंबता म्हणायची. "समजलं मला. पुढं सांग."

बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "आपली एसटी सारखी तोट्यात. म्हणून काय सकाळी गाडी निघायची राहिली व्हय?"

"आपकी गाडी रस्ते पे चलती, भाईसाब," खाला लाटणं न थांबवता म्हणायच्या. "उनो आसमान में जाते. बंद पडी तो धक्का मारने को कौन उतरेगा?"

आणि मग तिघंही हसायचे. भावाची नोकरी म्हणजे आमच्यासाठी एवढंच होतं. एक लांबची गोष्ट, जिच्यावर पोळ्या होईस्तोवर बोलता यायचं.

नोकरी लागली तेव्हाच भावानं सांगितलं होतं की आई-बाबांना कंपनीच्या विमानानं जवळजवळ फुकट येता येईल. अट एकच होती. विमान सुटायच्या वेळी जागा उरली असेल तर. पैसे भरून तिकीट काढलेले सगळे बसले, की उरलेल्या जागांवर कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना घेतात. मुंबईला जाऊन दोघांनी व्हिसा काढला. आईनं मेस खालांवर सोपवली, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, धपाट्यांचं पीठ असं सगळं बांधलं आणि दोघं रेल्वेनं दिल्लीला गेले. कंपनीचं विमान दिल्लीवरून सुटायचं.

उन्हाळ्याची सुट्टी होती. विमानतळावर त्यांची नावं पुकारलीच नाहीत. रात्र एका लॉजवर काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुन्हा विमान भरून गेलं. भाऊ तिकडून सारखा फोन करत होता, आता होईल, उद्या होईल. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, बास झालं, आणि दोघं रेल्वेत बसून परत आले.

मी स्टेशनवर घ्यायला गेले, तेव्हा आई पिशवी सांभाळत डब्यातून उतरली. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "विमानतळ लई चांगलंय माय. बसायला गाद्याच्या खुर्च्या. पर गाडी फुल्ल."

भावानं फोनवर रडून गोंधळ घातला. पुढच्या वेळी मी पैसे भरून तिकीट काढतो, म्हणाला. तेव्हा त्याच्यावर शिक्षणाचं कर्ज होतं, नुकतंच लग्न झालं होतं. आईनं त्याला दटावलं. "अरे, वेटिंगचं तिकीट कन्फर्म झालं नाय, एवढंच. आमी काय पहिल्यांदा बघतोय व्हय? हिवाळ्यात जाऊ. तवा गर्दी नसती म्हणं."

त्या दिवसापासून बातमी ऐकताना आईचा प्रश्न बदलला. नफा, इंधन, पगार, हे सगळं ती ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "जागा राहतील का रिकाम्या?"

मी तिला एकदा समजावून सांगितलं की जागा रिकाम्या राहिल्या तर कंपनीचं नुकसान होतं, आणि नुकसान वाढलं तर याच्यासारख्यांच्या नोकऱ्या जातात. आईनं हातातली पळी बाजूला ठेवली. बराच विचार केला.

"मग लई भरू बी नये आन् लई रिकामी बी जाऊ नये," ती म्हणाली. "थोडीशी जागा राहावी. दोन माणसांची."

त्या हिवाळ्यात खालांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मेस सोडून जाणं आईला जमेना. उन्हाळा लागायच्या आधी जाऊ, असं ठरलं. तेवढ्यात कोरोना आला.

मेस बंद झाली. पोरं मिळेल त्या गाडीनं, कुणी चालत, गावाकडं गेली. पुढची खोली झाडून आईनं सतरंज्या गुंडाळून ठेवल्या. तिकडं विमान कंपन्यांवर अशी वेळ कधी आली नव्हती. मी बातमी वाचायची तेव्हा आवाज खाली यायचा. कंपन्या रोज पैसा गमावत होत्या. सरकारनं पगारासाठी मदत दिली, तीही काही महिन्यांपुरती. त्यानंतर किती लोक काढतील, ते कुणी सांगत नव्हतं. एका बातमीबरोबर फोटो होता. ओसाड माळावर विमानं ओळीनं उभी करून ठेवलेली, शेपटाला शेपूट लागलेली. आईनं तो फोटो मोठा करून पाहिला.

"एवढी रिकामी?" ती म्हणाली.

"हो."

"मीच म्हणत व्हते ना, जागा राहू दे म्हणून."

मी म्हटलं, आई, काहीतरीच काय बोलतेस. बाबा पण रागावले. पण आईच्या मनाला ते लागून राहिलं. त्यानंतर रिकाम्या जागेचं तिनं कधी विचारलं नाही. नुसतं विचारायची, "आपल्या लेकराचं टिकंल का?"

टिकलं. त्याच्या ओळखीच्या कित्येकांनी लवकर निवृत्ती घेतली, काहींना जावं लागलं. तो राहिला. आमच्याकडचीही लाट ओसरली, पोरं परत आली, सतरंज्या पुन्हा अंथरल्या गेल्या. आणि दोन उन्हाळ्यांत विमानं अशी भरली की कंपन्यांनाच माणसं पुरेनात. भाऊ बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन एकदा येऊन गेला. आईनं नातीला तेल लावून आंघोळ घातली, ओट्याशी मांडीवर घेऊन बसली आणि खालांना म्हणाली, "हिला सांगा, हिच्या बापाच्या गाडीत आजीला जागा मिळत नाय." खालांनी बाळाला ते उर्दूत सांगितलं. बाळानं जांभई दिली.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं बातम्या चांगल्याच होत्या. स्वस्त तिकिटांच्या कंपन्या अडचणीत आल्या, पण भावाची कंपनी वर येत होती. पुढच्या बाजूच्या महागड्या जागा लोक आधी घेतात, असं तो सांगायचा. दिल्लीच्या मार्गावर त्यांनी जास्त जागांचं विमान लावलं, ते त्याच्याच विभागाचं काम होतं. "तरी भरतंय, ताई," तो कौतुकानं म्हणाला होता. "एक सीट उरत नाही." आई-बाबांसाठी पैसे भरून तिकीट काढतो, असं तो दर वर्षी म्हणायचा. आता मेसला नवी पोरं आलीत, आता बाबांचे गुडघे दुखतात, असं काही ना काही सांगून आई पुढं ढकलायची. तिला जायचं होतं. लेकाच्या पैशानं जायचं नव्हतं, एवढंच मला त्यातून कळायचं.

मग गेल्या वर्षी, थंडी संपता संपता, आईचं जेवण कमी झालं. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती ताट घ्यायची आणि दोन घास खाऊन सरकवून ठेवायची. खालांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं. "आँखां पीली दिख रई इसकी. डाक्टर को दिखाव." तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, आणि तो पुढं गेलेला होता. डॉक्टर चांगले होते, त्यांनी आईला खोटं सांगितलं नाही. औषधानं वेळ मिळेल, किती मिळेल ते सांगता येत नाही, म्हणाले.

भाऊ त्याच दिवशी निघायला तयार झाला. अडचण व्हिसाची होती. त्याच्याकडं तिथं राहायची परवानगी होती, पण पासपोर्टवरचा शिक्का जुना झाला होता. एकदा बाहेर पडलं की मुंबईला येऊन नवा शिक्का घेतल्याशिवाय परत जाता येत नाही. आणि ती तारीख कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. कुणाला लगेच मिळते, कुणी महिनोन् महिने अडकून पडतो. एरवी कंपनीनं समजून घेतलं असतं. पण नेमका त्याच वेळी तिकडं बाजार गडबडला. आयातकराची भांडणं सुरू झाली, लोक हात आखडून तिकिटं काढू लागले, आणि वसंतातल्या हिशेबाच्या वेळी कंपन्यांनी एकामागून एक वर्षाचा अंदाजच मागं घेतला.

मी ते आईला दवाखान्यात वाचून दाखवलं. तिच्या हाताला सलाइन होतं. तिनंच विचारलं होतं, नाहीतर मी सांगितलं नसतं.

"अंदाज मागं घेतला म्हंजे काय?"

"म्हणजे पुढं काय होणार ते आम्हाला आता सांगता येत नाही, असं त्यांनी सांगितलं."

आई थोडी हसली. "आपले डाक्टर बी तसंच म्हनले."

भावाच्या कार्यालयात कुजबुज सुरू झाली होती. मुख्य कार्यालयातली माणसं कमी करणार, आणि सगळ्यात आधी अंदाज बांधणाऱ्यांचीच गरज सरणार, असं लोक बोलत होते. तो इथं शिक्क्यासाठी अडकला आणि तिकडं यादी निघाली, तर नोकरीबरोबर राहायची परवानगी जाणार, घर जाणार, मुलीची शाळा जाणार. हे सगळं त्यानं मला सांगितलं, आईला नाही. आईनं मात्र माझ्याकडून बातमी ऐकली होती आणि पुढचं तिचं तिनं जोडून घेतलं.

संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. आईनं उशा पाठीशी लावून घेतल्या, केस सारखे केले.

"मी येतोय, आई. पुढच्या आठवड्यात."

"कशाला?"

"कशाला म्हणजे काय?"

"हितं ताई हाय, तुझे बाबा हायेत, तुझी खाला तर मला पानी बी हातानं पिऊ देत नाय. तू येऊन काय करशील? माझ्या तोंडाकडं बघत बसशील."

"बसू दे ना मला."

"बाळा, ऐक. तुझ्या कंपनीचं जरा बस्तान बसू दे. दिवाळीला ये. पोरीला घेऊन ये. मी काय कुठं पळून चाललेय?"

फोनवर त्याचा चेहरा थांबला होता, मला वाटलं नेट गेलं. मग त्यानं डोळे पुसले तेव्हा कळलं, नेट चालू होतं.

कॉल संपल्यावर बाबा म्हणाले, "येऊ द्यायचं व्हतं त्याला."

"आन् नोकरी गेली म्हंजे?" आई म्हणाली. "माझ्या पायी गेली, आसं त्याला जलमभर वाटत राहील. ते नको."

औषधांनी तिला बरे दिवस मिळाले, हे खरं. एप्रिल-मेमध्ये ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसून सूचना द्यायची. बाबांची खुर्ची तिनं घेतली होती, बाबा जमिनीवर बसून लसूण सोलायचे. एक दिवस, भाजी फोडणीला पडली होती, आणि ती एकदम म्हणाली, "मला काय झालं तर त्याची वाट बघत मला बर्फात ठिवू नका. त्याला जागा मिळंल तवा मिळंल. हिनं अग्नी द्यावा." हिनं म्हणजे मी.

"काय बोलतीस हे?" बाबा म्हणाले.

"मग कवा बोलू?"

खालांनी गॅस बंद केला आणि ओट्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

पाऊसकाळ सुरू झाला आणि आईचं एकदम बिघडलं. पोटात पाणी साठलं, ती झोपेत जाऊ लागली. मी भावाला सांगितलं, आता ये. तो सरळ विमानतळावर गेला.

त्यांच्या सुट्ट्यांचे दिवस होते. दिल्लीच्या विमानात विकत घ्यायलाही जागा नव्हती. कर्मचारी म्हणून तो दाराशी उभा राहिला, पण त्याच्यापुढं आणखी कर्मचारी होते, आणि आत एकही जागा उरली नाही. ज्या विमानाचं त्यानं मला कौतुक सांगितलं होतं ते त्याच्या डोळ्यांसमोर निघून गेलं. मग दुसऱ्या एका कंपनीचं, आखाती देशातून वळसा घेऊन येणारं तिकीट त्यानं मिळेल त्या भावात घेतलं. निघताना मला फोन केला. मी आईच्या कानाशी सांगितलं, "निघालाय."

तिनं डोळे उघडले. "कुठवर आला?"

"वाटेत आहे, आई."

"येऊ दे निवांत," ती म्हणाली. त्यानंतर ती नीटसं काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नर्स चादर बदलायला आली असताना, आई गेली. खाला तिच्या उशाशी होत्या. त्यांनी तिचे डोळे मिटवले, तोंडानं काहीतरी पुटपुटल्या, मग आमच्याकडं बघून बाबांना म्हणाल्या, "भाईसाब, बैठ जाव. पैले बैठ जाव."

भाऊ तेव्हा वाटेत, आखातातल्या विमानतळावर उतरला होता. पुढचं विमान सुटायला वेळ होता. नातेवाईक म्हणाले, उद्यापर्यंत थांबू, मुलगा आहे, त्याला तोंड पाहू द्या. सगळे बाबांकडं बघत होते. बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "ती काय म्हनली व्हती, ते मला ठाऊक हाय. तिच्या शब्दाबाहेर जायचं नाय."

स्मशानात माझ्या नवऱ्यानं मोबाइल धरला होता. पाऊस उघडला होता पण पत्र्यावरून पाणी गळत होतं. खाला फाटकाबाहेर लिंबाखाली उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. घरीही गेल्या नाहीत. गुरुजींनी माझ्या हातात मडकं दिलं. मला त्यातलं काही येत नव्हतं, ते सांगतील तसं मी करत होते.

मोबाइलमध्ये भाऊ दिसत होता. पाठीवर बॅग, मागं उजेडच उजेड, माणसं ट्रॉल्या ढकलत चाललेली. त्याच्या बाजूनं सारख्या सूचना ऐकू येत होत्या. कुठल्या कुठल्या शहरांची नावं. मी अग्नी द्यायला वळले तेव्हा त्याचा आवाज आला, "ताई, थांब जरा."

मी थांबले. त्याच्या विमानाची रांग सुटली होती. मागून कुणीतरी त्याला पुढं सरकायला सांगत होतं. तो रांगेतून बाहेर आला, कुठल्याशा खांबाशी मोबाइल टेकवून ठेवला, चपला काढल्या आणि हात जोडले. एका हातात बोर्डिंग पास तसाच होता. आजूबाजूचे लोक त्याच्याकडं बघत होते. मग तो म्हणाला, "दे."

तो घरी पोचला तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. चिकलठाण्याच्या विमानतळावर बाबा स्वतः घ्यायला गेले. मी म्हटलं होतं, तुम्ही नका जाऊ, पण ते ऐकेनात. येताना रिक्षातलं भावानं नंतर सांगितलं. बाबांनी वाटभर त्याचा हात धरून ठेवला होता. लहानपणीही त्यांनी आमचा हात असा धरल्याचं आम्हा दोघांना आठवत नाही. स्टिअरिंग सोडायची सवय नसलेला माणूस.

घरी आल्यावर तो सरळ स्वयंपाकघरात गेला. खाला ओट्याशी होत्या. सुतकाचं घर असलं तरी पोरांचं जेवण थांबवायचं नाही, हे आईनं त्यांना बजावून ठेवलं होतं, म्हणून त्या आपल्या घरी रांधून डबे आणून द्यायच्या आणि आमच्या ओट्यावर फक्त चहा करायच्या. त्यांना बघितल्यावर त्याचा बांध फुटला. "रो ले बेटा," खाला म्हणाल्या. "मैं बी रोती. चाय उबल के गिरी तो गिरी."

आम्ही अस्थी घेऊन पैठणला जाऊन आलो. गोदावरीला पाणी होतं. परतताना करमाडकडच्या आत्याला सोडायचं होतं म्हणून गाडी तशी वळवली. वाटेत भाऊ बाहेरची शेतं बघत होता, आणि मधूनच विचारत होता, ती शेवटी कसं बोलली, आवाज कसा होता, दुखत होतं का तिला. मी जे होतं ते सांगितलं. त्याला पुन्हा पुन्हा तेच ऐकायचं होतं.

दिवसकार्य आटोपलं, आणि त्याच आठवड्यात तिकडून हिशेबाची बातमी आली. दुपारची वेळ होती. मी वाचणार नव्हतेच. वाचायला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. भावानंच मोबाइल उघडला. तो वाचत गेला आणि भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"अंदाज परत दिलाय, ताई. वसंतात वाटत होतं तेवढं वाईट नाही म्हणतात. लोक पुन्हा तिकिटं काढायला लागलेत. पुढचे महिने चांगले जातील म्हणे." मग त्यानं कार्यालयातले निरोप पाहिले. "आमच्या विभागातलं कुणी गेलं नाही. एकही नाही."

बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

"मी आलो असतो," भाऊ म्हणाला. "मार्चमध्येच आलो असतो. काहीच झालं नसतं."

"ते आता दिसतंय," बाबा म्हणाले. "तवा कुणाला दिसत व्हतं? तुमच्या एवढ्या मोठ्या साहेबांना दिसत नव्हतं."

"मला दिसायला पाहिजे होतं. तेच तर माझं काम आहे."

बाबा त्याच्याजवळ खाली बसले. गुडघ्यांमुळं त्यांना वेळ लागला. "तिनं तुला नको म्हनलं, ते तिला भ्या वाटलं म्हणून. तुझ्यासाठी. तू नाय आला, ते तिचं ऐकलं म्हणून. ह्यात कुनाचं काय काढायचं, ते मला कळत नाय." मग म्हणाले, "पर ती तुला एकदा बघायला मिळायला पाहिजे व्हती. मी खोटं कशाला बोलू."

दोघं तिथंच भिंतीशी बसले. मी आत-बाहेर करत राहिले.

शिक्क्याची तारीख त्याला मुंबईत लगेच मिळाली. ज्याची एवढी धास्ती घेतली होती ते काम सकाळी जाऊन दुपारी संपलं. तो फोनवर हे सांगताना हसला, आणि ते हसणं ऐकून मला फोन ठेवावासा वाटला. परत जायच्या आदल्या दिवशी त्यानं आईचं एक जुनं लुगडं मागून घेतलं. मुलीसाठी पांघरूण शिवून घेतो म्हणाला.

आता वर्ष होत आलं. मेस खाला चालवतात, हाताखाली दोन बायका आहेत. मी अजून ती बातमी वाचते, सवयीनं. इंधनाचे भाव वर गेले की काळजी, लोकांनी महागड्या जागा घेतल्या की दिलासा, लहान कंपन्या बुडण्याच्या बेतात, मोठ्या तग धरून.

भावानं बाबांना तिकडं बोलावलं. पैसे भरून, पक्कं तिकीट. बाबा म्हणाले, नंतर बघू. ते जातील असं मला वाटत नाही. पण दर रविवारी सकाळी नातीचा कॉल येतो. ती आता चार शब्द मराठीत बोलते. बाबा मोबाइल घेऊन गल्लीत जातात आणि तिला दाखवत सुटतात. ही शेळी. हे पिंपळाचं झाड. ही पाण्याची टाकी. तिकडून ती म्हणते, "शेली," आणि बाबा म्हणतात, "शेली नाय, शेळी. जीभ वर लाव." ती पुन्हा "शेली" म्हणते. परवा हे किती तरी वेळ चाललं होतं. शेळी कंटाळून निघून गेली, तरी बाबा गल्लीत उभेच होते.